'बरा झाला का?' आणि 'परत करेल का?' हे दोन प्रश्न एक नाहीत

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत एक जण परत आला. चाळिशीतला माणूस आहे, पण आम्ही त्याला हाफ पॅन्टमधे क्रिकेट खेळताना पाहिलंय म्हणून आमच्यासाठी अजून पोरगाच. काही वर्षांपूर्वी त्याच्या हातून सख्ख्या मोठ्या भावावर वार झाला, भाऊ वाचला, केस चालली, आपण काय करतोय हे त्या वेळी त्याला कळत नव्हतं असं कोर्टानं मानलं आणि निर्दोष सोडलं. सोडलं म्हणजे घरी नाही, तिथून सरळ मेंटल हॉस्पिटलमधे. आता तिथून सुटून आला.

मी क्रिमिनल साईडची वकील, नागपूरला सिव्हिल लाईन्सच्या कोर्टात असते, त्यामुळे एकाच दिवशी मला दोघांनी गाठलं. सकाळी शेजारच्या काकू, "बाई, डॉक्टरनं लिहून देलं ना तो बरा झाला म्हनून, मंग आता तं भ्यायचं काम नाही?" आणि संध्याकाळी कोपऱ्यावरचे काका, "पागलखान्यातून आलेला माणूस कधी सुधरते का बेटा? पाहजो, परत करनच तो."

काकूंना वाटतं बरा झाला म्हणजे धोका संपला, काकांना वाटतं आजार आहे म्हणजे धोका आहेच. उत्तरं एकमेकांच्या उलट, पण चूक दोघांची एकच. दोघंही आजार मोजून धोका सांगून राहिले. आणि ही चूक फक्त गल्लीत होते असं नाही, मी कोर्टात ऐकलीय, पोलीस स्टेशनात ऐकलीय, शिकलेल्या लोकांकडून ऐकलीय, म्हणून सविस्तर लिहिते.

'बरा झाला का?' हा डॉक्टरचा प्रश्न आहे. भास थांबले का, संशय गेला का, झोप लागते का, गोळी लागू पडली का, आपण आजारी होतो हे त्याला स्वतःला पटतंय का. याचं उत्तर आज, समोर बसवून, बोलून, तपासून देता येतं.

'परत करेल का?' हा प्रश्न आजचा नाही, उद्याचा आहे. तो एकट्या माणसाच्या डोक्याबद्दलही नाही, तो कुठं राहणार, कोणासोबत बसणार-उठणार, पिणार की नाही, हाताला काम आहे की नाही, याआधी किती वेळा हात उचललाय, या सगळ्याबद्दल आहे. डॉक्टर कितीही हुशार असला तरी याचं उत्तर स्टेथोस्कोप लावून मिळत नाही.

दोन माणसं डोळ्यासमोर आणा. एक जण वर्षानुवर्षं स्किझोफ्रेनियाचा पेशंट, मंदिराच्या पायरीवर बसून स्वतःशी बोलतो, आंघोळ नाही, जेवणाची शुद्ध नाही, पण आयुष्यात कोणाला चापट मारली नाही. दुसऱ्याला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार पडतं तो आजार, गोळ्यांवर अगदी ठीक आहे, समोर बसला तर तुम्हाला कळणारही नाही, पण पंधराव्या वर्षापासून मारामाऱ्या, दोनदा जेल, रोजची दारू, बायकोला मारतो, कुठल्याच कामावर टिकत नाही. जास्त आजारी कोण? पहिला. परत गुन्हा कोण करेल याची काळजी कोणाबद्दल करायची? दुसऱ्याबद्दल. पण रस्त्यावर आपण पहिल्याला पाहून बाजू बदलतो.

हे माझं मत म्हणून सांगत नाही, यावर साठ वर्षांपासून काम झालंय. अमेरिकेत १९६६ साली बॅक्सट्रॉम नावाच्या एका पेशंटची केस सुप्रीम कोर्टात गेली होती. त्याची शिक्षा संपली तरी त्याला गुन्हेगार मनोरुग्णांच्या बंदोबस्ताच्या हॉस्पिटलात ठेवून घेतलं होतं. कोर्ट म्हणालं असं करता येणार नाही, आणि त्या एका निकालामुळं न्यूयॉर्क राज्यातले ९६७ पेशंट, ज्यांना सगळ्यांनी 'धोकादायक' ठरवलेलं होतं, ते साध्या मेंटल हॉस्पिटलांमधे हलवावे लागले आणि त्यातले बरेच पुढं घरी गेले. लोक धास्तावले होते, हॉस्पिटलचा स्टाफ धास्तावला होता. संशोधकांनी पुढची चार वर्षं या लोकांचा माग ठेवला तर साधारण पाचातल्या एकानं कोणावर तरी हात उचलला, पण परत त्या बंदोबस्ताच्या हॉस्पिटलात पाठवायची वेळ आली ती ३ टक्क्यांपेक्षाही कमी लोकांवर. म्हणजे बाकीचे इतकी वर्षं एका शिक्क्यापायी आत होते. मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, कारण आपल्याकडे असे किती असतील हाच विचार डोक्यात.

मग १९९८ मधे कॅनडातल्या बोंटा, लॉ आणि हॅन्सन या तिघांनी ५८ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला की मानसिक आजार असलेला गुन्हेगार परत गुन्हा करेल की नाही हे नेमकं कशावरून कळतं. उत्तर असं निघालं की ज्या गोष्टींवरून साध्या, आजार नसलेल्या गुन्हेगाराबद्दल कळतं त्याच गोष्टींवरून यांच्याबद्दलही कळतं. सगळ्यात जास्त वजन आधीच्या गुन्ह्यांच्या इतिहासाला, आणि सगळ्यात कमी कशाला, तर आजाराच्या निदानाला आणि लक्षणांना. शिवाय आजार असलेले परत गुन्हा करण्यात आजार नसलेल्यांपेक्षा मागेच होते.

याच्याही आधी, १९९३ मधे, कॅनडातच व्हीआरएजी नावाचं एक मोजमाप तयार झालं, १२ मुद्दे, प्रत्येकाला मार्क, बेरीज करायची आणि धोका किती ते बघायचं. त्यात लहानपणी शाळेत कसा होता, आईवडिलांपासून लवकर तुटला का, दारूचा इतिहास, आधी सशर्त सोडल्यावर अटी मोडल्या का असे मुद्दे आहेत. आणि स्किझोफ्रेनियाचं निदान असेल तर मार्क वाढत नाहीत, कमी होतात! गुन्हा केलेल्या लोकांमधेच तुलना केली तर स्किझोफ्रेनिया असलेले बाकीच्यांपेक्षा कमी वेळा परत गुन्ह्याकडे वळले, म्हणून आकड्यांनी तो मुद्दा उणे केला. कोपऱ्यावरच्या काकांना हे सांगितलं तर ते मानत नव्हते, "उणे कसं होईल बाप्पा?" पण आहे तसं.

आता इथं लगेच उलट्या टोकाला जायचं नाही. आजाराचा काही संबंधच नाही असं मी म्हणत नाही, आणि जो कोणी म्हणतो तो घरच्या लोकांना फसवतो. काही जणांच्या बाबतीत आजार हाच गुन्ह्याचा सगळा रस्ता असतो. आमच्या गल्लीतल्याचंच घ्या, भाऊ आपल्या जेवणात काहीतरी कालवतो असं त्याला पक्कं वाटत होतं, तीन रात्री झोपला नव्हता, आणि त्या संशयातून वार झाला. दारू नाही, आधीची एक तक्रार नाही. त्याच्या बाबतीत गोळी बंद होणं म्हणजेच धोका वाढणं. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २०१० मधे वेगवेगळ्या देशांचे आकडे जोडले तर दिसलं की सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराच्या, पहिल्या झटक्यात, उपचार सुरू व्हायच्या आधी, ६२९ पेशंटमागे एकाच्या हातून खून झालेला होता, आणि उपचार मिळाल्यावर हेच प्रमाण वर्षाला साधारण ९,००० पेशंटमागे एक इतकं खाली आलं. उपचार ही किती मोठी गोष्ट आहे ते यावरून कळतं. आणि उपचाराआधीही ६२८ जणांनी तसं काही केलं नाही हेही त्याच आकड्यात आहे.

म्हणून खरा फरक करायचा तो 'आजारामुळं झालेला गुन्हा' आणि 'आजारी माणसानं केलेला गुन्हा' यात. अमेरिकेत मानसिक आजार असलेल्या १४३ लोकांना बसवून त्यांचे एकूण ४२९ गुन्हे एकेक करून विचारले गेले, त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं म्हणून. भास-भ्रमातून थेट घडलेले गुन्हे निघाले ४ टक्के, डिप्रेशनमधून ३ टक्के, बायपोलरच्या लक्षणांतून १० टक्के. बाकीच्या वेळी आजार होता, पण गुन्हा राग, पैसा, नशा, भांडण यातून झाला होता, जसा कोणाचाही होतो. आता या बाकीच्यांना फक्त गोळ्या देऊन घरी पाठवलं तर आजार बरा होईल, गुन्हा का थांबेल? जी गोष्ट गुन्ह्यामागं नव्हतीच ती दुरुस्त करून काय मिळणार.

दारूचं वेगळं सांगते कारण आपल्याकडे त्याकडे कोणी बघतच नाही. मॅकआर्थर नावाचा एक मोठा अभ्यास १९९८ मधे छापून आला, मेंटल हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या १,१३६ लोकांचा, हे गुन्हेगार नव्हते, साधे पेशंट. त्यात जे नशा करत नव्हते त्यांच्यात हिंसेचं प्रमाण त्याच मोहल्ल्यातल्या नशा न करणाऱ्या शेजाऱ्यांइतकंच निघालं. नशा आली की प्रमाण वाढलं, पेशंटमधेही आणि शेजाऱ्यांमधेही. पण आपल्या कागदांवर निदान मोठ्या अक्षरात असतं आणि 'पितो' हे कुठंतरी कोपऱ्यात.

कायद्यातही हा गोंधळ होतो, पण कायदा स्वतः गोंधळलेला नाही. त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींचा काळ वेगळा. गुन्ह्याच्या क्षणी त्याला कळत होतं का, हा भूतकाळाचा प्रश्न, आधी आयपीसीचं कलम ८४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२. आज तो खटला समजू शकतो का, स्वतःचा बचाव करू शकतो का, हा वर्तमानकाळाचा, त्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे खटला कसा चालवायचा त्या कायद्यात, कलम ३६७ आणि ३६८ ला आहे. आणि तिसरा, त्याला सोडलं तर स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका आहे का, हा भविष्यकाळाचा, तो कलम ३७७ मधे. सुप्रीम कोर्टानं हरिसिंग गोंडच्या केसमधे २००८ ला सांगितलंच आहे की डॉक्टरी वेडेपण आणि कायद्याचं वेडेपण एक नाही. मी त्यात एवढंच जोडते की या दोन्हींवरून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघत नाही. आणि कामात काय दिसतं, तर एकाच सर्टिफिकेटवर तिन्ही उत्तरं मागतात. 'पेशंट स्टेबल आहे' एवढी एक ओळ असते आणि तिच्यावर कोणी सोडा म्हणतो, कोणी नका सोडू म्हणतो. एका केसमधे मी स्वतः विचारलं होतं की साहेब हे स्टेबल म्हणजे आजार स्टेबल का धोका कमी, तर समोरच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, मॅडम मला फक्त आजाराचं विचारलं होतं.

या गोंधळाची किंमत किती असते ते आसामच्या माचांग लालुंगवरून कळतं. १९५१ साली पकडलं, तेव्हा विशीत होते, तेजपूरच्या मेंटल हॉस्पिटलमधे ठेवलं, १९६७ मधे डॉक्टरांनी ठीक आहेत म्हणून लिहूनही दिलं, पण घरी नाही पाठवलं, जेलमधे पाठवलं. खटला झालाच नाही. २००५ साली सुटले. ५४ वर्षं. दोनच वर्षांनी गेले. 'बरा झाला' याचं उत्तर कागदावर अडतीस वर्षं पडून होतं आणि 'मग सोडायचं का' हे विचारायला कोणी आलंच नाही.

बरं, मग धोका मोजतात कसा, आणि मोजलेलं खरं किती? इथं अजून एक गल्लत होते, गटाचा आकडा आणि एका माणसाचं भविष्य यातली. हवामान खातं म्हणतं विदर्भात पावसाची ७० टक्के शक्यता, आणि आपण छत्री घेऊन निघतो, नागपुरात वाडीकडे धो धो कोसळते आणि धरमपेठेत एक थेंब नाही. अंदाज चुकला का? नाही, तो असल्या दिवसांच्या गठ्ठ्याबद्दल होता. स्कोअरचंही तसंच, 'असल्या शंभर जणांतले इतके' एवढंच तो सांगतो, समोर बसलेला त्या इतक्यांतला आहे की बाकीच्यांतला हे नाही.

२०१२ मधे सीना फाझेल आणि त्यांच्या सोबत्यांनी १३ देशांतल्या जवळपास २५,००० लोकांवर अशी मोजमापं कशी चालली ते तपासलं. टूलनं ज्यांना हिंसेचा जास्त धोका सांगितला त्यातल्या ४१ टक्क्यांनीच खरंच काही केलं, म्हणजे दहातले सहा उगाच लाल यादीत. पण ज्यांना कमी धोका सांगितला त्यातल्या ९१ टक्क्यांनी खरंच काही केलं नाही. नीट बघा, ही टूलं कोणाला ठेवावं यापेक्षा कोणाला सोडता येईल हे सांगण्यात चांगली आहेत. आणि आपण वापर मागतो नेमका उलटा.

आणि परत गुन्हा करणारे जितके कमी, तितका खोटा गजर जास्त. समजा शंभर जण सुटले आणि त्यातले पाचच खरे परत हिंसा करणार आहेत. त्याच अभ्यासात खरंच हिंसा करणाऱ्यांतले ९२ टक्के टूल पकडत होतं, पण न करणाऱ्यांतल्या फक्त ३६ टक्क्यांना निर्धास्त म्हणत होतं. हाच हिशोब लावला तर पाचातले जवळपास पाचही सापडतील, पण सोबत उरलेल्या पंच्याण्णवातल्या साठ जणांवरही तोच शिक्का. पासष्ट आत ठेवायचे, पाचासाठी. हे आकडे बाहेरच्या देशांतल्या लोकांवरचे आहेत, आपल्याकडे लग्नं, एकत्र घर, नोकरी सगळंच वेगळं, त्यामुळं कोणी तिकडचा फॉर्म आणून तसाच भरून स्कोअर दाखवला तर मी कोर्टात नक्की उभी राहून विचारीन की हा इथल्या लोकांवर तपासला का.

मला त्यातल्या त्यात पटते ती दुसरी पद्धत. एचसीआर-२० म्हणतात, १९९५ पासून आहे, तिसरी आवृत्ती २०१३ ची. वीस मुद्दे, पण बेरीज करून निकाल लावायचा नाही, तज्ज्ञानं एकेक मुद्दा तपासून आपलं मत बनवायचं. दहा मुद्दे मागचे, पाच आत्ताचे, पाच पुढचे. मागचे दहा बदलत नाहीत, आधीची हिंसा, नशा, नाती, कामधंदा, लहानपणी भोगलेलं. फक्त एवढ्यावर माणूस तोलला तर तो मरेपर्यंत धोकादायकच राहणार, कारण गेलेला काळ कोणाचाच बरा होत नाही. आत्ताचे पाच बदलतात, लक्षणं, समज, डोक्यात हिंसेचे विचार, मन अस्थिर आहे का, उपचाराला साथ देतो का. आणि पुढचे पाच तर बरेचसे आपल्यावर आहेत, दवाखाना जवळ आहे का, राहणार कुठं, सोबत कोण, उपचार पुढं चालू ठेवेल का, ताण आला तर काय. मानसिक आजार या वीसात आहे, पण वीसातला एक मुद्दा मागच्यात आणि एक आत्ताच्यात, बस.

तर काकूंना मी म्हटलं, काकू, डॉक्टरनं दिलेला कागद खरा आहे पण तो अर्धा आहे. आणि काकांना म्हटलं, काका, तुम्ही पागलखाना चौकात रोज ऑटोतून उतरता, आत कोण आहे ते कधी पाहिलं नाही, बहुतेक लोक आपल्यासारखे आजारी पडलेले आहेत. ते काही बोलले नाहीत, पण ऐकून घेतलं.

मग वहिनीकडे गेले, म्हणजे ज्या भावावर वार झाला त्याच्या बायकोकडे, कारण पुढच्या पाच मुद्द्यांचं खरं उत्तर तिच्याकडे आहे. दवाखाना ठीक, मानकापूरला ऑटोनं जाता येते. महिन्याचं इंजेक्शन आहे, तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवलीय. गोळी तो तिच्यासमोर घेतो. भाऊ बोलतो त्याच्याशी, कमी, पण बोलतो. मी विचारलं सगळ्यात आधी काय बिघडते, तर म्हणाली, "झोप. ताई, मागच्या वेळी बी आधी झोपच गेली होती, मंग दोन दिवसांनी वास घेऊन घेऊन जेवाले लागला. आता झोप गेली का मी त्याच दिवशी फोन करते डॉक्टरले."

राहिलं काम. दिवसभर घरात बसून राहतो, आणि कोणी ठेवायला तयार नाही. कळमना मार्केटमधे एक ओळखीचे अडते आहेत, त्यांच्याकडे हिशोबाचं काम आहे, त्यांच्याशी बोलले मी, काय झालं होतं तेही सगळं सांगितलं. ते म्हणाले पाठवा, बघू. फक्त पहाटे तीनची गाडी उतरवायची पाळी त्याला देऊ नका, दहाच्या नंतरचंच काम द्या, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.